नऊ दिवस देव पाण्यात

देवाला आपली पूजा लागते का, हे मी आजवर कुणाकुणाला विचारलं नाही? शाळेतल्या बाईंना विचारलं, कीर्तनकाराला विचारलं, रिक्षातल्या फोटोला उदबत्ती ओवाळणाऱ्या रिक्षावाल्यालासुद्धा सोडलं नाही. लोकांना वाटायचं, या बाईला अध्यात्माची गोडी आहे. डोंबलाची गोडी. मला सुटायचं होतं. देवाला आपल्याकडून काहीच लागत नसेल, तर मी सुटले. लागत असेल, तर माझे वडील माझ्यामुळे गेले. इतकी सरळ गोष्ट, पण चाळीस वर्षं ती मी कुणाला सांगितली नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. शहराच्या पाणीपुरवठ्यात ते चावीवाले होते. रस्त्याखाली व्हॉल्व्ह असतात, ते फिरवून एकेका गल्लीला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे त्यांचं काम. सायकलच्या दांडीला कमरेएवढी लोखंडी चावी बांधून सकाळीच निघायचे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि पाण्याची बोंब तेव्हाही होतीच. एक दिवसाआड नळ यायचे. उन्हाळ्यात आबा गल्लीत शिरले की बाया ओट्यावरून खाली उतरायच्या. एखादी चहा पुढं करायची, एखादी हात जोडायची, एखादी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आबा चहा प्यायचे, शिव्या ऐकायचे आणि चावी तेवढीच फिरवायचे. मला म्हणायचे, कुणी पाया पडलं म्हणून मी पाच मिनिटं जास्ती सोडत नाय, अन् कुणी शिव्या घातल्या म्हणून कमी करत नाय. कागदावर वेळ लिवलेली हाय.

मी लहानपणापासून भांडकुदळ. मी विचारलं, मग देवाचंही तसंच असेल का, पाया पडून काही होत नसेल का? आबा हसले आणि म्हणाले, ते खातं तुझ्या मायचं, तिला विचार.

आबांचे वडील कन्नडकडच्या डोंगरात मेंढरं राखायचे. आबा म्हणायचे, मेंढरं काय आज्याच्या पाया पडत नव्हती, तरी तो रात्रंदिवस त्यांच्यामागं फिरायचाच की. तेव्हा मला ते पटलं होतं. पुढं कधीतरी डोक्यात आलं, अरे, पण आजा लोकर कातरायचा, खाटकालाही विकायचा. त्याला मेंढरं लागत होती म्हणून तर त्यानं पाळली. मग देव आपल्यावरून काय कातरतो? एकदा हे डोक्यात शिरलं ते निघेच ना. आबा असते तर त्यांच्याशी भांडले असते.

माणूस केला तरी कशाला, हेही एकदा जेवताना विचारलं होतं. आबांनी भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, चावी फिरवायला कुणीतरी लागतंच. माय चुलीपुढून म्हणाली, "त्याला एकट्याला करमत नसंल." दोघंही आपापल्या उत्तरावर खूश होती. मी नव्हते.

मायला तिची जन्मतारीख ठाऊक नाही. पोलीस ॲक्शन झालं तवा मी रांगत होते, एवढंच सांगते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण आमच्या दोन खोल्यांच्या घरात देवांचा सगळा कारभार तिचा. देव पाच. खंडोबा, बिरोबा आणि भवानी यांचे चांदीचे टाक, एक पितळेची अन्नपूर्णा आणि एक बोटाएवढा रांगता बाळकृष्ण. नळ नाही आले तरी देवांच्या अंघोळीचा तांब्या आदल्या दिवशी बाजूला काढलेला असायचा. आम्ही दोन-दोन दिवस डोक्यावरून पाणी घेत नसू, पण देव पारोसे राहायचे नाहीत. देवांनी खाल्ल्याशिवाय माय चहासुद्धा घ्यायची नाही. खाणं म्हणजे काय, वाटीभर दूध, नाहीतर गुळाचा खडा. मी म्हणायचे, अगं ते खातात कुठं, गूळ आहे तसाच राहतो. ती म्हणायची, तू खातेस ना नंतर, मग झालं तर.

मी बारावीला होते तेव्हा आबांना ताप आला. दोन दिवस अंगावर काढला, चावी घेऊन कामावर गेले. तिसऱ्या दिवशी सायकलवरून पडले ते उठलेच नाहीत. सरकारी दवाखान्यात नेलं. ताप मेंदूत गेला आहे, डॉक्टर म्हणाले, सूज उतरली तर माणूस हाती लागेल. आबा ओळख देईनात. नुसते छताकडं बघत पडलेले. 

त्या संध्याकाळी माय घरी आली, हातपाय धुतले, देवांपुढं बसली आणि एकेक देव उचलून पितळी पातेल्यात ठेवला. वरून पाणी ओतलं. देव बुडेपर्यंत. माणूस घरी येईपर्यंत देवांनी पाण्यातच राहायचं. ना अंघोळ, ना गंध, ना नैवेद्य. आमच्याकडं शेवटचा उपाय म्हणून हे करतात. देव अवघडला, गुदमरला की त्याला आपलं ऐकावंच लागतं, असं त्यामागं असतं. पातेल्यावर ताट झाकून ती मला म्हणाली, "कोणी हात लावायचा नाय. तूबी नाय."

दिवसा माय दवाखान्यात, रात्री चुलता तिथं झोपायचा. मी स्वयंपाक करून डबा न्यायचे. पुस्तक उघडायचे, एक ओळ वाचायचे, उठायचे, ताट उचलून पातेल्यात डोकावायचे. बूड म्हणून टेकत नव्हतं. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी पुन्हा डोकावले. पाण्याला कुंकवाचा तांबूस रंग आला होता, वर साय धरल्यासारखी धरली होती आणि बाळकृष्णाच्या लोण्याच्या गोळ्यापाशी डासाची अळी वळवळत होती. एक नाही, तीन-चार. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. साठलेलं पाणी ओतून टाका म्हणून चावी फिरवता फिरवता दारोदार सांगणाऱ्या माणसाची लेक. आणि आमच्याच घरात हे. मला देवांचा राग यायला हवा होता. नाही आला. मला त्यांची कणव आली. नऊ दिवस उपाशी, घाण पाण्यात, अंधारात, आणि बाळकृष्ण तर एवढासा. मला रडूच फुटलं.

मी हात घातला. पाचही देव बाहेर काढले. शाळेच्या ओढणीनं पुसले, पाटावर ओळीनं मांडले, डब्यातला गुळाचा खडा फोडून पुढं ठेवला. हात जोडून म्हटलं, आबांना घरी आणा, म्हणजे तुम्हाला पुन्हा पाण्यात बसावं लागणार नाही. अर्धा तास असेल. मग पातेलं घासलं, स्वच्छ पाणी भरलं, देव परत बुडवले, ताट झाकलं. गूळ मी खाल्ला. डबा घेऊन दवाखान्यात गेले तर आबांचा श्वास बदललेला. माय त्या रात्री घरी आलीच नाही. सकाळी आबा गेले.

शेजारच्या काकूंनी येऊन देव पाण्यातून काढून फळीवर ठेवले, कारण आम्हाला सुतक, आम्हाला शिवायचं नव्हतं. माणसं जमली. रडारड ओसरल्यावर आबांची चुलती, म्हातारी, भिंतीला टेकून बसलेली, तिनं सगळ्यांसमोर मायला विचारलं, देव पाण्यात होते तरी असं कसं झालं, मधी कुणी हात तर नाय लावला?  तोंड उघडायला गेले, उघडलं नाही. माय म्हणाली, "नाय." एवढंच, आणि तेही झटकन.

मी तिथंच मेले. मायचा माझ्यावर केवढा भरवसा, की विचार करायलाही थांबली नाही.

तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली ती लागलीच. घरात आरती सुरू झाली की मी उठून बाहेर. स्वतःच्या लग्नातही अक्षता पडेपर्यंत कशीबशी उभी राहिले. मायला वाटायचं, कॉलेजात गेली अन् नास्तिक झाली. नास्तिक असते तर किती बरं झालं असतं. मी देवाला मानत होते, हाच तर सगळा घोळ होता. आणि माय बघा, सुतक फिटल्या दिवसापासून पुन्हा रोज अंघोळ, गंध, दूध. ज्यानं नवरा नेला त्याला दूध पाजते. मला तिचा संताप यायचा आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटायचं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. वर्गात शिरलं की पोरं उभी राहून नमस्ते म्हणायची. एखाद्या दिवशी नाही उठली तर माझा पारा चढायचा, अख्ख्या वर्गाला तास संपेपर्यंत उभं ठेवायचे. आणि घरी जाताना मनात यायचं, देव माझ्यासारखाच हलकट असेल तर? अर्धा तास शिस्त मोडली म्हणून त्यानं माणूस नेला असेल तर?

शाळेत एक उर्दू शिकवणाऱ्या बाई होत्या, माझ्याहून मोठ्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि विचारलं, तुमच्या देवाला तुमचा नमाज लागतो का? बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उसको क्या पडी है बाई. अपने सजदे से उसका कुछ बढता नै, घटता नै. जरूरत अपने को है." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. दोन रात्री शांत झोपले. लागत नाही ना काही, मग पाण्यात ठेवलं काय आणि काढलं काय. तिसऱ्या दिवशी पुन्हा किडा वळवळला. ज्याला काही कमी नाही त्यानं माणसं केलीच कशाला? पुन्हा बाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, इत्ता मत सोचो, चाय ठंडी हो री. मी चहा प्यायले. थंडच झाला होता.

गंगापूरकडं एका सप्ताहाला शाळेतल्या बायकांबरोबर गेले होते. कीर्तनकार बोलता बोलता म्हणाले, ही सगळी त्याची लीला, त्याचा खेळ, त्यानं खेळायला माणूस केला. कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला रांगेत उभे, मीही उभी राहिले. माझी पाळी आल्यावर पाया न पडता म्हणाले, "माझा बाप काय खेळण्यातला होता का?" बुवांना काय कळणार, मी कुठून बोलते ते. त्यांनी शांतपणे प्रसाद पुढं केला. मी घेतला नाही. बरोबरच्या बायकांनी मला ओढत जीपकडं नेलं आणि वाटभर एकही माझ्याशी बोलली नाही. बोलली असती तरी मी काय सांगणार होते?

माय म्हातारी झाली तशी मी तिला माझ्याकडं आणलं. क्रांती चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर माझा फ्लॅट, तिसरा मजला. तिच्या आधी देव आले, तांदळाच्या डब्यात बसून, प्रवासात उपाशी नकोत म्हणून. तिनं येताच माझ्या स्वयंपाकघरातली मिक्सरची फळी रिकामी करायला लावली आणि देव मांडले. मी त्या फळीकडं पाठ करून पोळ्या लाटायचे. अशी अकरा वर्षं आम्ही काढली.

गेल्या वर्षी माय बाथरूममध्ये घसरली. खुब्यात सळई घातली, दोन महिने पलंगावरून उठायचं नाही, डॉक्टर म्हणाले. पहिल्याच सकाळी, दवाखान्यातून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, देव पारोसे आहेत, तू अंघोळ घाल. मी म्हटलं, खालच्या मजल्यावरच्या वहिनींना बोलावते. ती म्हणाली, त्या कशाला, तू हाय की. मी म्हटलं, मला वेळ नाही. रिटायर झालेल्या बाईला वेळ नाही. 

तीन दिवस हेच. वहिनी येऊन करून जायच्या. माय खायची नाही धड. चौथ्या दिवशी दुधाचा पेला तसाच बाजूला सारला आणि म्हणाली, मी मेल्यावर यांचं काय? गोदावरीत सोडणार व्हय? मग आताच सोड, माझ्या डोळ्यादेखत. मला भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी ओरडते. मी ओरडले, माझ्या हातानं नको म्हणजे नको, माझा हात यांना लागला की काय होतं ते मला माहीत आहे.

  मला वाटलं, माय आता विचारेल आणि आता सांगावंच लागेल. तिनं विचारलं नाही. खिडकीकडं तोंड केलं आणि बोलायला लागली.

म्हणाली, तुझे आबा दवाखान्यात होते तवा मी देव पाण्यात ठेवले होते, तुला आठवतं का? मी मान हलवली. म्हणाली, मी ते रोज बाहेर काढत होते. रोज. तू उठायच्या आधी. अंघोळ घालायची, घोटभर दूध दाखवायची अन् परत त्याच पाण्यात ठेवायची. पाणी बदलत नव्हते, तुला कळंल म्हणून.

 मी पलंगाच्या कडेला बसले.

"उपाशी कसं ठेवायचं गं? हात होईना. अन् त्यापायीच तुझे आबा गेले. त्याला धाकात धरायचं सोडून मी लाड करत बसले. त्याला वाटलं असंल, हिला काय एवढी घाई नाय."

ती रडत नव्हती. ज्या आवाजात भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सांगते त्याच आवाजात सांगत होती. त्या म्हातारीनं समद्यांसमोर विचारलं तवा मी नाय म्हणून खोटं बोलले, म्हणाली. तुझ्यासमोर खोटं बोलले. माझ्या डोळ्यांपुढं ती भिंत आली, तो झटकन आलेला शब्द आला. भरवसा कसला. ती स्वतःला झाकत होती, आणि मी शेजारी बसून स्वतःला. एकाच घरात, एकाच गोष्टीसाठी, दोघी चाळीस वर्षं एकमेकींना घाबरत होतो. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. अगं, तेव्हाच बोलली असतीस तर.

मी विचारलं, मग इतकी वर्षं रोज पूजा कशाला केलीस? ती म्हणाली, चूक माझी, ते कशाला उपाशी राहतील. देवाला हे लागतं असं तुला खरंच वाटतं का, मी विचारलं. ती म्हणाली, मला नाय माहीत. लागत नसंल तरी त्याला एकट्याला करमत नसंल.

मग मी सांगितलं. नववा दिवस, अळ्या, ओढणी, पाट, अर्धा तास, सगळं.  सतरा वर्षांच्या पोरीसारखी रडले. माय ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं.

"पुढं काय ठेवलंस?"

"गूळ."

तिनं डोळे मिटले. चेहरा सैल पडला. "बरं केलंस माय," ती म्हणाली. "त्या दिवशी घरात दूध नव्हतं. मी नुसतं पाणीच दाखवलं होतं."

देवाला आपलं काही लागतं की नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. उर्दूच्या बाई गेल्या, नाहीतर त्यांना जाऊन हे सगळं सांगितलं असतं. मी उठले. त्या दिवशी पाण्याचा वार होता, खाली मोटार सुरू झाली होती. अंघोळ करून आले, ताम्हण घेतलं आणि पलंगाशेजारी पाट मांडला, मायला दिसावं म्हणून. एकेक देव उचलला. टाक झिजून गुळगुळीत झाले होते, खंडोबाचा घोडा तर हातालाच कळत होता, डोळ्यांना नाही. बाळकृष्ण सगळ्यात शेवटी घेतला. मी पुसून तो पाटावर ठेवणार, तेवढ्यात मायनं मान उचलली.

"कानामागं नीट पूस त्याच्या," ती म्हणाली. "तिथं पाणी राहतं."